मागं कुणी राहायचं नाय

आमची वहिनी माणसं मोजायला लागली की आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "मी एक." मग सासू, नवरा, पोरं, जाऊ, दीर असं करत पुढे जायची. लग्नाच्या मांडवात, एस.टी. स्टँडवर, जत्रेत, दवाखान्याच्या बाकड्यापाशी, कुठंही. तिला न ओळखणारी माणसं हसायची. एकदा कोलाडच्या स्टँडवर एक बाई तोंडाला पदर लावून शेजारणीला म्हणाली, "काय गो बाई स्वतःची हौस!" वहिनीनं ते ऐकलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि मोजणी मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. "मी एक." ह्या खेपेला जरा मोठ्यानं.

त्या बाईला काय ठाऊक! ह्या "मी एक"च्या मागे एक गाडी आहे. मागून लांब, आगगाडीचा अर्धा डबा तोडून चाकं लावल्यासारखी. शहाणी माणसं तिला स्टेशन वॅगन म्हणतात. आमच्या खांब गावात तिला काय काय म्हणाले ते पुढे येईलच.

वहिनीचं नाव इंदुमती, माहेर गडब. अंगानं बारकी, उंचीनं त्याहून कमी, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर हायवेवरचा ट्रकवाला मान वळवून बघायचा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता. तो घरात इतका कमी बोलायचा की पाहुण्यांना वाटायचं, ह्याची कायम रात्रपाळीच चालू आहे. मी त्याच कंपनीच्या कामगारांची बस चालवायचो. घरची भातशेती, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. वालाचं सगळं राज्य वहिनीचं. झोडायचे, निवडायचे, पोती भरून पेणच्या बाजारात न्यायचे आणि व्यापाऱ्याशी तोंड वाजवून यायचं, हे ती एकटी करायची. एकदा तिनं एखादी गोष्ट मनात घेतली की संपलं. दादा म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं तर कंपनीत रजा टाकावी लागंल." त्यानं काही कधी रजा टाकली नाही.

आमच्या घरची एक रीत होती. कुठंही जायचं असलं की थोरली सून शेवटी निघणार. चूल विझवायची, गुरांना वैरण टाकायची, परसदाराची कडी घालायची आणि घराला कुलूप लावायचं ते तिच्या हातानं. आमची आई तिच्या सासूच्या वेळी अशीच शेवटी निघायची, म्हणून वहिनीनंही निघायचं. त्यात घरात माणसं वाढत चाललेली. दादाची तीन पोरं, माझी एक छकुली, माझी बायको सुरेखा पुन्हा दिवसांत. सगळ्यांना न्यायचं म्हणजे सहाआसनी रिक्षाच्या दोन खेपा. पहिल्या खेपेला आई, पोरं, पोटुशी. दुसऱ्या खेपेला उरलेली. आणि उरलेली म्हणजे बहुतेक वेळा एकटी वहिनी. कधी दुसरी खेप व्हायची, कधी रिक्षावाला म्हणायचा, आता एकीसाठी काय परत जायचं? मग वहिनी घरीच. आम्ही परत आलो की विचारायची, "काय काय झालं तिकडं?" आणि आम्ही सांगायचो. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मांडव गडबला, त्यांच्याच अंगणात. बहीण म्हणून नवऱ्यामुलाच्या पाठीशी करा घेऊन उभं राहायचा मान हिचा. खरं तर ती हळदीलाच जायची होती, पण नेमका तेव्हाच आईचा गुडघा सुजला आणि ती शेकायला, तेल लावायला मागे राहिली. लग्नाच्या सकाळी गुडघा उतरला. आई पहिल्या खेपेत बसून गेलीसुद्धा. वहिनी नवं लुगडं नेसून, कुलूप लावून रस्त्याला येऊन उभी राहिली. रिक्षा तिला घ्यायला परत आली आणि नागोठण्याच्या अलीकडे बंद पडली.

ती गडबला पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. करा चुलतबहिणीनं धरला होता. पहिली पंगत बसत होती. मी बघत होतो, आता ही रडणार. छे! तिनं पदर खोचला, भाताची परात उचलली आणि वाढायला लागली. भाऊ पाया पडायला आला तेव्हा म्हणाली, "आता जेव. मग पड." आणि परात घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, ओटीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी घ्यायची."

"कसली गाडी?" दादा म्हणाला.

"सगळी मावतील अशी. एका खेपंत. आजपासून ह्या घरातलं मागं कुणी राहायचं नाय."

मी म्हटलं, "वहिनी, नवी गाडी म्हणजे—"

"नवी कुनी म्हटली? जुनी घेऊ. वालाचे हायत माझ्याकडं बाजूला टाकलेले. तुम्ही गाडी चालवता ना भावजी? मग तुम्ही बघा. पन पसंत मी करनार." आई गुडघ्याला हात लावून बसून राहिली.

आता मी पडलो ड्रायव्हर. गाडीतलं मला कळतं, हा माझा समज. पहिली गाडी मी रोह्याची बघितली. लाल, छोटी, चकचकीत, आतून टेपरेकॉर्डर. इंजिन असं गुळगुळीत की काय सांगू! मी आधीच मनात ती घेऊन टाकली होती. वहिनीला म्हटलं, चल बघायला. तर ही सगळं घर घेऊन निघाली. सासू, नवरा, चारी पोरं, पोटुशी जाऊ, आणि वर एक वालाचं पोतं.

"अगं, बघायला चाललोय, राहायला नव्हे!"

"मापाला मानसंच लागतात, भावजी. टेप लावून कळत नाय."

म्हणजे एका खेपेत जाता येईल अशी गाडी बघायला आम्ही दोन खेपा करून रोह्याला गेलो. गाडीचा मालक चहा पीत होता, त्याचा कप हातातच राहिला. वहिनीनं दार उघडलं आणि आधी आईला बसवलं. आईचा उजवा गुडघा धड दुमडत नसे. पाय लांब करून बसावं लागे. लाल गाडीत तो पाय मावेना. मग थोरली लता बसली, तिला गाडी लागायची, आणि मागची काच तर उघडतच नव्हती. पोतं डिकीत उभं राहीना, आडवं राहीना. वहिनीनं मालकाला म्हटलं, "दादा, गाडी सुंदर हाय. दोघांच्या संसाराला एकदम बेस. आमचा मेळा हाय." आणि पुन्हा दोन खेपा करून आम्ही घरी. मला असा राग आला होता की त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोललो नाही. वहिनीनं भात वाढताना एवढंच म्हटलं, "रुसा. पन रुसून गाडी मोठी व्हनार नाय."

दुसरी बघितली नागोठण्याला, जीपच्या जातीची. मागे समोरासमोर दोन बाकडी. सगळी मावली, पोतंसुद्धा मावलं. मी म्हटलं, सुटलो! पण आईला चढवायला दादा खालून आणि मी वरून, असं पोतं चढवल्यासारखं करावं लागलं आणि आई कळवळली. वर ताडपत्रीच्या फटीतून धूळ. धाकटा नंदू बाकड्यावर बसून म्हणाला, "आई, आपल्याला पकडलंय का?" वहिनी खाली उतरली. "नको. सासूला रोज असं उचलायचं? आनि पोरं म्हंतायत पकडलंय. प्रवासाला निघालेलं मानूस खुशीत दिसलं पायजे."

"वहिनी, गाडीत मजा कसली बघतेस तू? चालली म्हणजे झालं!"

"मग काय रडायला घ्यायची?" ती म्हणाली. "आजवर निघायचं म्हंजे माझ्या जिवाला घोर. दुसरी खेप व्हतेय का नाय. आता निघताना हसायचंय मला. पोरांनी आधी पळत जाऊन गाडीत बसलं पायजे. तशी बघा."

अशा किती बघितल्या ते विचारू नका. एकीची दारं लागेनात, एकीत उंदरांनी बिऱ्हाड केलेलं. पेण-रोह्याच्या रस्त्यावर गाड्या विकणाऱ्यांत आमची ख्याती झाली. 'ते पोतंवाले आले' म्हणायचे. दादा म्हणाला, आता पुरे. मीही म्हणालो, पुरे. सुरेखाला आठवा लागला होता, तिला हिंडवायचं किती? वहिनी उकिडवी बसून वाल निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "सुरेखाचं बाळ येईल तेव्हा ते पन मोजायचंय. आता थांबलो तर ते दुसऱ्या खेपंत."

शेवटी पेणला रामवाडीत एक गाडी असल्याचं कळलं. मालक मुकुंदशेठ, गणपतीचा कारखाना. गाडी गणपती पोचवायलाच वापरलेली. आम्ही गेलो तर कारखान्यात ओळीनं बिनरंगाच्या मूर्ती, आणि अंगणात ही लांबडी, पांढरी, जुन्या बांध्याची गाडी. पुढची सीट बाकड्यासारखी सलग. मागे सीट. तिच्याही मागे खोलीएवढी जागा, आणि वर उघडणारं मोठं दार. त्या जागेत मुकुंदशेठनी लाकडी फळी ठोकून घेतली होती आणि तिच्यावर गुलाबी रंगाचे डाग पडलेले. इतक्या वर्षांच्या मूर्तींच्या अंगचा रंग तो. मी बॉनेट उघडलं. इंजिन रांगडं, पण इमानी वाटलं. काही विचारण्याआधीच पोरं मागच्या दारातून आत घुसली होती आणि आतून हसण्याचा कल्ला ऐकू येत होता. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी बॉनेट लावून टाकलं.

मग तिनं बसवायला सुरुवात केली. आई पुढे, माझ्या शेजारी. सीट घरच्या ओटीच्या उंचीची, आई कुणाचा हात न धरता बसली. पाय सीटवरून माझ्याकडे लांब केला तरी गिअरला लागेना, तो सुकाणूपाशी होता. मागे दादा, मध्ये सुरेखा पोट सांभाळून, तिच्या बाजूला छकुली आणि खिडकीशी लता, कारण तिला वारा हवा. मधली शोभा आणि नंदू सगळ्यात मागे फळीवर, पोत्याला टेकून. नंदूच्या डोक्याला टप लागत होता म्हणून तो मान वाकडी करून बसला, पण हसत. मी सुकाणूवर. वहिनी बाहेरून फिरून प्रत्येक दार लावत आली. मागचं मोठं दार खाली ओढलं, त्याच्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडली, "बसली! सगळी बसली बगा! शेठ, ही आमची!"

मुकुंदशेठ खूश. त्यांनी आतून पेढे आणायला सांगितलं. दादासुद्धा हसला. मी चावी फिरवून इंजिन चालू केलं.

आणि आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "इंदे, आनि तू गो?"

वहिनी काचेशी आली. "काय?"

"तू कुठं बसनार?"

वहिनीनं गाडीत बघितलं. पुढे बघितलं, मागे बघितलं, पोत्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं. म्हणाली, "मी... मी हाय की."

"हायस. पन भाईर हायस," आई म्हणाली.

मी इंजिन बंद केलं.  इतक्या गाड्या बघितल्या, इतक्या वेळा माणसं बसवली, उठवली, पोतं चढवलं, उतरवलं. वहिनीनं प्रत्येक वेळी सगळ्यांना मोजलं होतं आणि एकदाही स्वतःला मोजलं नव्हतं. जिच्यासाठी गाडी बघायची तीच बाहेर उभी! आणि आम्हा घोड्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. बोलली ती आई, जिच्या रीतीनं वहिनी वर्षानुवर्षं शेवटी निघत होती. बाहेर उभं राहून दारं लावायची तिला इतकी सवय झाली होती की बसायचं असतं हेच ती विसरली होती.

आईनं दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय दुमडायला लागली. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. "ये. हितं बस माझ्याजवळ."

"आई, नको! दुखंल!"

"दुखूं दे. ह्याच गुडघ्यापायी भावाचं लगीन चुकलं तुझं. बोलली नायस तू, पन मी काय आंधळी हाय? ये म्हंते ना."

वहिनीचे डोळे भरले. लग्नात भरले नव्हते ते आता भरले. तिनं पदरानं ते पुसले, आणि मग काय केलं? खिडकीतून हात घालून आईचा पाय होता तसा लांब करून ठेवला. "नाय. तुम्ही कळवळत बसनार नि मी ऐटीत बसनार, ह्याला बसली म्हनत नाय. असं असंल तर ही गाडी पन नको."

 मी म्हटलं, "वहिनी, आता हद्द झाली हां! एवढी चांगली गाडी! तू पोत्यावर बस, मी हळू चालवतो."

"पोत्यावर कशाला? मी काय वाल हाय?" ती म्हणाली आणि तरातरा मागे गेली. मोठं दार उघडलं, पोरांना उतरवलं, पोतं ओढून काढलं आणि फळीवर मूठ आपटली. "शेठ, ही कशाला?"

"मूर्तींखाली सपाट राहावं म्हणून. खाली खळगा हाय ना."

"खळगा किती?"

"वीत-दीड वीत."

"काढा."

"आत्ता?"

"मग कधी? आमी काय रोज येनार हाय व्हय, दोन खेपा करून?"

कारखान्यातला माणूस पटाशी घेऊन आला. फळी निघाली. खाली खरोखर खळगा होता. नंदू आत बसला, त्याची मान सरळ झाली. शोभा बसली. वहिनीनं पोतं आडवं करून त्यांच्या पाठीशी लोटलं आणि लताला हाक मारली. लता उंच, ती आधी मागे मावलीच नसती, पण आता पाय खाली सोडून आरामात बसली. मागची काच वर उचलली तर भरपूर वारा. "मला इथंच पाहिजे," लता म्हणाली. मधल्या सीटवरची तिची खिडकीची जागा मोकळी झाली.

वहिनी खिडकीशी बसली. नीट टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. एक क्षणभर तिनं डोळे मिटले. मग उघडले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाली, "मी एक. आई दोन." त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तसं मोजलं आणि मग मरेपर्यंत तसंच मोजत राहिली. ती फळी मुकुंदशेठनी आम्हाला तशीच देऊन टाकली. घरी तिचा पाट झाला, गुलाबी डागांचा.

गाडी खांबला आली आणि नाक्यावर एकानं विचारलं, "काय रे, मढ्याची गाडी घेतली काय?" तशी लांब गाडी लोकांनी दुसरीकडे कुठं बघितलेली? दादा खाली मान घालून उतरला. वहिनी काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "गनपतीची गाडी हाय ती. बसायची असंल तर हात जोडून बस." माणूस हसला आणि पुढे बरीच वर्षं पाऊस-पाण्याचा आमच्याच गाडीत बसून कोलाडला जात होता.

पहिला प्रवास तिनं ठरवला तो गडबचा. थंडीचे दिवस होते, वालाच्या शेंगा भरलेल्या, आणि तिच्या भावाच्या शेतात त्या मडक्यात भाजून पोपटी लावायची होती. निघताना आईनं सवयीनं म्हटलं, "इंदे, कुलूप..." वहिनी आधीच गाडीत बसलेली. तिनं खिडकीतून किल्ली दादाच्या हातात ठेवली. "तुम्ही लावा. मी बसलेय." दादानं उभ्या आयुष्यात त्या कुलपाला हात लावला नव्हता. त्यानं आधी उलटी किल्ली घातली, मग सुलटी घातली. परसदाराची कडी राहिली म्हणून पुन्हा आत गेला. आम्ही गाडीत बसून हसत होतो आणि वहिनी सगळ्यांत मोठ्यानं.

गडबला तिचा भाऊ रस्त्यापर्यंत आला होता. गाडीची दारं उघडली, मागचं उघडलं, माणसं निघतच राहिली. तो म्हणाला, "ताई, आज घरी कोण?" वहिनी म्हणाली, "कुलूप." एवढा एकच शब्द, पण काय रुबाबात! मडकं उलटं घालून वर गवत-काटक्या पेटवल्या, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला. गरम शेंगा फोडताना बोटं भाजत होती आणि वहिनी चौथीतल्या पोरीसारखी फुंकर मारत खात होती. तेव्हा मला कळलं, आम्ही परत येऊन 'काय काय झालं' सांगायचो त्यात हे काहीच नसायचं.

सुरेखाचं बाळंतपण रोह्याला झालं. मुलगा. बघायला वहिनी सगळ्यांना घेऊन गाडीनं आली. दाराशी नर्स म्हणाली, एका वेळी एकच. वहिनीनं दाराबाहेरच मोजलं आणि शेवटी काचेतून बाळाकडे बोट दाखवून त्याचा आकडा त्याला देऊन टाकला. घरी जाताना ते तिच्या मांडीवर. गाडी नंतर खूप चालली. दर वेळी निघताना वहिनी मोजून मागचं दार ओढायची, त्याच्यावर दोन थापा मारायची आणि आपल्या जागी येऊन बसायची. वाल पेणला गेले, पोरं परीक्षांना गेली, लतेची पाठवणी तिच्यातूनच झाली. दर पावसाळ्यात मी म्हणायचो आता काढू, आणि दर थंडीत पोपटीला तीच निघायची. आई गेली, पोरं उंच झाली, मोटरसायकली आल्या. शेवटी गाडीचे भागच मिळेनात. नंदूनं नवी मोठी गाडी घेतली तेव्हा वहिनीनं पैशापाण्याचं, कंपनीचं काही विचारलं नाही. सगळ्यांना गोळा करून आत बसवलं, लताच्या पोरांसकट. मग स्वतः बसून बघितलं. मग म्हणाली, "चालंल."

गेली ती एका दुखण्यात, फार दिवस न लागता. पेणच्या दवाखान्यात होती. आम्ही सगळे गेलो, नेहमीसारखे. वॉर्डात पुन्हा तेच, एका वेळी एकच. वहिनीला तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करायची परवानगी नव्हती, पण तिनं तो केलाच. नर्सला म्हणाली, "मग मला भाईर न्या. मीच जाते त्यांच्यात." नर्सनं दार उघडं ठेवलं. आम्ही दारात दाटीनं उभे राहिलो आणि ती खाटेवरून बोट हलवत राहिली. आवाज येत नव्हता, ओठ दिसत होते.

दहाव्याला नदीवर सगळं आटोपलं. कावळा लवकर शिवला. माणसं पांगली. आम्ही गाडीत जाऊन बसलो, मी सुकाणूवर, नंदूनं चावी माझ्याकडे दिली होती. सुरेखा, लता, शोभा, पोरं, जावई, सगळी आपापल्या जागी. मी चावी फिरवली, पण गिअर टाकला नाही. आम्ही सगळेच वाट बघत होतो. तीस वर्षांची सवय, मागच्या दारावर दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलत नाही. ते दार उघडंच होतं. आणि दादा अजून खाली उभा होता.

दादा मागे गेला. मी आरशातून बघत होतो. मुंडण केलेलं डोकं, अंगावर पंचा. तो आमच्याकडे एकेक करून बघायला लागला. मला वाटलं, आता ह्याला धरून आणावं लागणार. तर त्यानं छातीकडे बोट नेलं, तिथं पोचायच्या आधीच थांबवलं आणि नदीकडे केलं.

"ती एक," दादा म्हणाला. मग छातीवर बोट ठेवलं. "मी दोन."

त्यानं सगळ्यांना मोजलं. कुणाला घाईत गाळलं नाही, मांडीवरच्या पोरालाही नाही. आम्ही सगळे मिळून होतो त्यापेक्षा आकडा एकानं जास्त आला. कुणी दुरुस्त केला नाही. दादानं दार खाली ओढलं, दोन थापा मारल्या, पुढे येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चल. सगळी हायत."